पुण्यातल्या मुलांना जीवाश्म शिकवायचेत? आधी टेकडीवर चला

पाचवी ते आठवीच्या पोरांना फॉसिल शिकवायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी काय होतं, टी रेक्सचा एक व्हिडिओ लागतो, मग डायनासोरची अवघड नावं पाठ होतात आणि शेवटी थर्माकोलचा ज्वालामुखी. मुलं खूश असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण महिन्याभराने त्याच मुलांना विचारा की हाडाचा दगड झाला कसा, आणि तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे हे कुणी आणि कशावरून ठरवलं, तर वर्ग एकदम गार. म्हणून मी उलट्या टोकाकडून सुरू करते. फळ्यावर एकच प्रश्न लिहायचा: वेताळ टेकडीवर खणलं तर डायनासोर सापडेल का?

अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही, आणि एखादा हमखास असतो जो म्हणतो की त्याच्या सोसायटीच्या पायलिंगच्या वेळी हाड सापडलं होतं (म्हशीचं असणार). उत्तर आहे नाही. आणि का नाही हे शोधता शोधता जीवाश्म, खडक, काळ सगळं आपोआप शिकवून होतं. खाली जे लिहिलंय ते शाळेतले शिक्षक, रविवारचे विज्ञान गट चालवणारे लोक किंवा सुट्टीत चार पोरं हाताशी असलेले आईबाबा, कुणालाही जमेल असं आहे. खर्च फार नाही, वेळ मात्र द्यावा लागतो, एका तासात उरकायचा हा विषय नाही.

टेकडीवर काय दाखवायचं

हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई, जे जवळ असेल ते. सकाळी सातला निघा, साडेनऊनंतर पोरांचं लक्ष दगडापेक्षा पाण्याच्या बाटलीवर असतं. सोबत एक भिंग, जुना टूथब्रश, वही आणि छोट्या बाटलीत थोडं व्हिनेगर. हातोडी नको. एकतर टेकड्यांचा बराच भाग वनखात्याचा आहे, आणि दुसरं म्हणजे बसाल्टची कपची डोळ्यात गेली तर सगळी सहल दवाखान्यात संपते.

पुणे आणि आजूबाजूचा जवळपास सगळा मुलूख बसाल्टवर उभा आहे, आपण ज्याला काळा पाषाण किंवा कातळ म्हणतो तो. ६.६ कोटी वर्षांच्या आसपास जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि एकावर एक असे थर पसरत गेले. आजही दख्खनचा हा लाव्हा साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. बाहेर येताना हा रस ११०० डिग्री सेल्सियसच्या वर असतो, त्यात सापडलेल्या जीवाचं काय होणार हे मुलं स्वतःच सांगतात, आणि फार चवीने सांगतात. जीवाश्म बहुतेक करून गाळाच्या खडकात मिळतात, म्हणजे नदी, तळं किंवा समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलावाळूचा दगड झाला त्यात. सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार येतातच, तो धडा इथे टेकडीवर बसून घ्या.

आता मुलांना एकेक दगड हातात घेऊन नीट बघायला लावा. काही दगड ढोकळ्यासारखे जाळीदार असतात, ती भोकं म्हणजे लाव्हातून निसटणाऱ्या वायूचे बुडबुडे. काही भोकं पांढऱ्या, हिरवट नाहीतर पारदर्शक खड्यांनी भरलेली दिसतील. मुलं लगेच ओरडणार, मॅडम दात सापडला! तो दात नसतो, ती गारगोटी असते, म्हणजे कुठे झिओलाइट, कुठे क्वार्ट्‌झ, कुठे कॅल्साइट. लाव्हा गार झाल्यावर त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपलं आणि त्यात विरघळलेले पदार्थ आत जमत गेले. इथे व्हिनेगर काढा. कॅल्साइटवर टाकलं तर बारीक बुडबुडे येतात, क्वार्ट्‌झवर ढिम्म काही होत नाही. भिंगातून ते बुडबुडे बघणं हा त्या सकाळचा सगळ्यात आवडीचा भाग ठरतो, रांग लागते. आपल्याकडच्या या खनिजांचं जगात नाव आहे, वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट परदेशातले संग्राहक सुद्धा जपून ठेवतात, हे सांगितलं की पोरांच्या माना जरा ताठ होतात.

आणखी एक फसवी गोष्ट आधीच सांगून ठेवा. दगडाच्या फटीत किंवा फरशीवर कधीकधी नाजूक नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. शंभरातली नव्व्याण्णव मुलं तिला झाडाचं फॉसिल म्हणतात. ती मँगनीजच्या ऑक्साइडची नक्षी असते, तिला डेंड्राइट म्हणतात, झाडाशी तिचा काही संबंध नाही. ओळखायचं कसं? खऱ्या पानाला मधली शीर असते, ठराविक आकार असतो, कडा असते. डेंड्राइट नुसतं फाटे फोडत जातं, कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. दिसतंय म्हणून ते तेच आहे असं नाही, ही सवय मला डायनासोरच्या नावांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

जमलं तर पुढच्या वेळी कात्रजच्या जुन्या घाटात किंवा सिंहगडावर जा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो का बघा. एक लाव्हा गार झाला, त्याचा वरचा भाग ऊनपावसाने झिजून माती झाली, आणि मग त्या मातीवर पुढचा लाव्हा येऊन बसला. म्हणजे लाल पट्टा ही दोन लाव्हांमधली सुट्टी. ती सुट्टी किती मोठी असेल हे मुलांना ठरवू द्या, लगेच उत्तर देऊ नका. सिंहगड चढताना खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, त्यामुळे पायथ्यापासून निघालात की तुम्ही जुन्याकडून नव्याकडे चालताय. पोरांनी प्रत्येक वेळी दगड बदलला की वहीत खूण करायची. वर गेल्यावर पिठलं भाकरी खाता खाता वह्या जुळवा, कुणाच्या खुणा जास्त, कुणाच्या कमी, यावर जो वाद होतो तो होऊ द्या. गाड्या कुठे लावायच्या ते आधी बघून ठेवा, रविवारी तिकडे जत्रा असते.

गंमत अशी की त्या सुट्ट्यांमध्ये काही ठिकाणी तळी सुद्धा साचली होती, त्यात गोगलगायी, मासे, बेडूक, झाडं सगळं होतं, आणि तो गाळ पुढच्या लाव्हाखाली बंद झाला. मुंबईत वरळीच्या टेकडीतून एकोणिसाव्या शतकातच अशा गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले होते. त्यामुळे फळ्यावरचं उत्तर थोडं सुधारून घ्या: बसाल्टमध्ये नाही, पण दोन बसाल्टच्या मध्ये गाळ अडकला असेल तर शक्य आहे.

सुतळीवरची ४५४ कोटी वर्षं

कोटी हा आकडा मुलांना फक्त क्रिकेटपटूंच्या लिलावात माहीत असतो. ४५४ कोटी आणि ६.६ कोटी त्यांना सारखेच वाटतात, दोन्ही खूप. म्हणून हे दोरीवर मांडायचं. बोहरी आळीत सुतळीचा गुंडा मिळतो, तो घ्या, आणि मोठ्या टेपने मोजून ४५ मीटर ४० सेंटीमीटर तोडा. हिशोब सोपा आहे: १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं, १ सेंटीमीटर म्हणजे १० लाख, १ मिलिमीटर म्हणजे १ लाख. एवढी लांब जागा शाळेचं मैदान, मोठा पॅसेज किंवा सोसायटीचं पार्किंग, कुठेतरी मिळते. नसेलच तर प्रमाण निम्मं करा.

एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आज. मुलांना कार्डं लिहून द्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावायला सांगा, पण आधी अंदाजाने. मोजायचं नंतर. डायनासोर सगळे जण कुठेतरी मध्यावर लावतात, माणूस त्याच्या जरा पुढे. हे अंदाज तसेच राहू द्या, फोटो काढा, मग टेप काढा.

आजच्या टोकापासून मोजायचं. जीवसृष्टीच्या जुन्या खुणा, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले खडक, साधारण ३५ मीटरवर. हवेत ऑक्सिजन वाढायला लागला तो २४ मीटरच्या आसपास. समुद्रात नाना तऱ्हेच्या प्राण्यांची एकदम गर्दी दिसायला लागते ती ५ मीटर ४० सेंटीमीटरवर. जमिनीवरच्या वनस्पती ४ मीटर ७० च्या आसपास. डायनासोर २ मीटर ३० वर येतात आणि ६६ सेंटीमीटरवर जातात. आपला दख्खनचा लाव्हा पण तिथेच, त्याच ६६ सेंटीमीटरपाशी, हे कार्ड लावताना कुणीतरी आपणहून म्हणतं, अरे म्हणजे आपल्यामुळे मेले का! त्याला म्हणा थांब, त्याच्यावर पुढे खटला चालवायचाय. भारताची आशियाशी टक्कर होऊन हिमालय उचलला जायला लागला तो साधारण ५० सेंटीमीटरवर, आणि आपली माणसाची जात शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये. शिवाजी महाराज कुठे लावायचे हा प्रश्न येतोच येतो. तर डोक्यावरचा एक केस काढून सुतळीच्या टोकाला धरा. त्या केसाच्या जाडीतच पाच ते दहा हजार वर्षं बसतात, महाराज, पेशवे, सातवाहन, हडप्पा सगळे त्यात.

मग मुलांना पूर्ण दोरी चालायला लावा, जन्माच्या टोकापासून. पहिली दहा मीटर काही कार्डच नाही, आणि पुढची जवळजवळ तीस मीटर नुसते सूक्ष्मजीव आणि त्यांचे भाऊबंद. पोरं कंटाळतात. कंटाळू द्या, पृथ्वीचा बराचसा इतिहास तसाच आहे. एक जास्तीचं कार्ड ठेवा, स्टेगोसॉरस, १ मीटर ५० वर. टी रेक्स ६६ ते ६८ सेंटीमीटरला. म्हणजे स्टेगोसॉरस आणि टी रेक्स यांच्यामधलं अंतर टी रेक्स आणि आपल्यामधल्या अंतरापेक्षा जास्त आहे. खेळण्याच्या डब्यात दोघं एकत्र लढत असतात ना, त्यामुळे मोठ्या माणसांना पण हे पटायला वेळ लागतो.

शाडू, शंख आणि श्रीखंडाचा डबा

आता हाताने करायचं काम. गणपतीनंतर घरोघरी शाडू उरलेला असतो, तो मागवा. कोकणातून आणलेले शंखशिंपले कुणाच्या ना कुणाच्या कपाटात पडलेले असतात. प्लास्टर ऑफ पॅरिस हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं. आणि श्रीखंडाचे रिकामे डबे, ते गोळा करायला सांगितलं की मुलं जरा जास्तच मनावर घेतात.

शाडू मळून हाताला चिकटणार नाही इतपत मऊ करा, डब्यात दोन बोटं जाडीचा थर दाबून बसवा, वरून सपाट करा. शिंपल्याला तेलाचं बोट फिरवा, सरळ खाली दाबा आणि सरळच वर उचला, हलवून काढलात तर कडा मोडतात. शाडू एवढा बारीक असतो की शिंपल्याच्या रेघा सुद्धा उमटतात. हा झाला साचा. आता एका जुन्या भांड्यात एक वाटी पाणी घ्या आणि त्यात साधारण दोन वाट्या प्लास्टर भुरभुरत टाका, पाण्यात प्लास्टर, प्लास्टरवर पाणी नाही, नाहीतर गुठळ्या. पातळ दह्याइतकं झालं की लगेच ओता आणि डबा जमिनीवर दोनचारदा हलकेच आपटा म्हणजे हवेचे फुगे वर येतात. अर्धा तास हात लावायचा नाही. हे मुलांना सगळ्यात अवघड जातं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, वरून डब्याला हात लावून बघू द्या, पण प्लास्टरच्या आत कुणी हात किंवा बोट घालून बसायचं नाही, खरंच भाजतं. पूड घोळताना तोंडाला रुमाल. आणि उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात बसलं की प्लंबर बोलवावा लागतो, वाळवून सुक्या कचऱ्यात टाका. शाडू भिजवून परत वापरता येतो.

डब्यातून प्लास्टर काढून शाडू धुतला की शिंपला परत हजर, पण हा शिंपला नाही, शिंपल्याच्या पोकळीत भरलेला दुसराच पदार्थ आहे. निसर्गात हेच होतं: शिंपला गाळात पुरला जातो, गाळाचा दगड होतो, मूळ शिंपला विरघळून जातो, पोकळी उरते, आणि त्यात पुढे खनिजं भरतात. मूळ जिवातलं काहीही न उरता त्याचा आकार उरतो, हे वाक्य मुलांनी आपल्या शब्दांत लिहावं. काही वेळा मात्र लाकूड किंवा हाड तसंच राहून त्याच्या बारीक पोकळ्यांत खनिजं शिरतात आणि त्याचा दगड होतो. पायाचे ठसे, अंडी, शी, बिळं, हे पण जीवाश्मच.

यासोबत एक मंद प्रयोग लावून ठेवा. एका कुंडीत माती घालून त्यात एक पान, पोळीचा तुकडा, केळ्याचं साल, शिंपला आणि चालत असेल त्यांच्या घरून चिकनचं हाड पुरा. रोज थोडं पाणी. महिन्याने उकरा. पोळी गायब, पान अर्धंमुर्धं, शिंपला आणि हाड जागेवर. मग विचारा, जेलीफिशचे जीवाश्म कमी का आणि शंखांचे जास्त का? उत्तर कुंडीतच असतं. वरून लवकर पुरलं जाणं पण लागतं, उघड्यावर पडलेलं हाड कुत्री पळवतात, त्यामुळे जगून मेलेल्या प्राण्यांपैकी फारच थोड्यांचा जीवाश्म होतो.

खरे जीवाश्म, घरातले आणि महाराष्ट्रातले

पुण्यात जीवाश्म बघायला लांब जायची गरज नाही, तो बऱ्याच घरांत देवघरात बसलेला असतो. नेपाळमधल्या काली गंडकी नदीत मिळणाऱ्या शाळिग्रामांत जो गोल वळसेदार चक्राचा आकार दिसतो तो अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा जीवाश्म असतो. हा प्राणी गोगलगायीचा नाही, माकुल आणि ऑक्टोपसच्या घराण्यातला, आणि डायनासोर गेले साधारण तेव्हाच हेही गेले. आता विचारा, समुद्रातला प्राणी हिमालयात कसा? इथे मुलांचे डोळे मोठे होतात. भारत आणि आशियाच्या मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता, टक्कर झाली, समुद्राचा तळ उचलला गेला, त्याचे डोंगर झाले. दोरीवरचं ५० सेंटीमीटरचं कार्ड परत आणून दाखवा.

हे करताना जरा भान ठेवा. शाळिग्राम म्हणजे त्यांच्या घरचा देव आहे, वर्गात आणायला सांगू नका, फोटो पुरेसा, आणि तोही घरच्यांना विचारून. आमच्याकडे एका मुलीच्या आजी स्वतःच आल्या, शाळिग्राम रेशमी कापडात गुंडाळून, आणि आधी त्यांनी तुळशीच्या लग्नाची सगळी गोष्ट सांगितली, मग म्हणाल्या, आता तुमचं सांगा. मुलांनी भिंगातून वळसे मोजले आणि आजींनी पण मोजले. बाजारात कोरून बनवलेले दगड पण शाळिग्राम म्हणून विकतात हेही आजींनीच सांगितलं.

महाराष्ट्रातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं. तिथे डायनासोरची हाडं तर मिळालीच, पण त्यांच्या शीचे जीवाश्म पण मिळाले. शी म्हटल्यावर वर्गाला पाच मिनिटं हसू द्यायचं, त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या शीत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. तोवर समज असा होता की डायनासोरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच, आणि इथे तर त्यांनी ते खाल्लेलं होतं, त्यातलं काही आपल्या भाताच्या कुळाच्या जवळचं. म्हणजे हाडापेक्षा शीने जास्त सांगितलं.

दुसरं उदाहरण गुजरातचं. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या धोली डुंगरीला १९८० च्या दशकात नागपूरच्या डॉ. धनंजय मोहबे यांना डायनासोरच्या अंड्यांचं घरटं मिळालं, सोबत छोटी हाडं. ती पिल्लाची असणार असं आधी वाटलं. बऱ्याच वर्षांनी नीट बघितल्यावर कळलं की त्यातले काही मणके सापाचे आहेत! साडेतीन मीटरचा साप, एका अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि सगळे एका क्षणात गाळाखाली. २०१० मध्ये त्या सापाला सनाजे इंडिकस असं नाव मिळालं. मुलांना आधी फक्त हाडांचं चित्र द्या आणि काय घडलं असेल ते लिहायला सांगा, सापाचं शेवटी सांगा. आणि कपाटात असलेले जुने नमुने परत बघितले की नवीन काहीतरी सापडतं, हे यातून त्यांना सांगावं लागत नाही.

वय कसं कळतं

इथे नव्वद टक्के मोठी माणसं कार्बन डेटिंग म्हणतात. कार्बन १४ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा बदलून जायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं आहे, पन्नासेक हजार वर्षांपलीकडे त्यात मोजण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे डायनासोरसाठी ते कामाचं नाही. तिथे युरेनियम, पोटॅशियम अशी सावकाश बदलणारी मूलद्रव्यं लागतात. युरेनियम २३८ ला निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, पोटॅशियम ४० ला सुमारे १२५ कोटी. आणि वय बहुधा हाडाचं काढत नाहीत, वरच्या आणि खालच्या लाव्हाच्या किंवा राखेच्या थराचं काढतात, हाड त्या दोघांच्या मधलं. म्हणजे ज्या बसाल्टने आपल्याला जीवाश्म दिले नाहीत, तोच घड्याळ म्हणून उपयोगी पडतो.

खेळ असा: एक रुपयाची शंभर नाणी घ्या, प्रत्येक नाणं म्हणजे एक अणू, आणि डब्यात हलवून चादरीवर ओता. छापा पडलेली, म्हणजे बदलून गेलेली, बाजूला काढा, उरलेली मोजा, परत हलवा. पन्नासेक, पंचवीसेक, बारातेरा, सहा, तीन. प्रत्येक गटाने आलेख काढायचा. कुठलं नाणं कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नाही पण शंभरातली निम्मी जाणार हे जवळजवळ नक्की, हे मुलांना हाताने कळतं. आजीच्या काळचे फोडलेले चिंचोके पण चालतात, फक्त ते बरोबर निम्मे निम्मे पडत नाहीत.

डायनासोर कुणी मारले, एक खटला

हा तास मी शेवटी ठेवते कारण यात सगळं वापरावं लागतं. आरोपी दोन. पहिला, मेक्सिकोच्या युकातान भागात आदळलेला साधारण दहा किलोमीटरचा लघुग्रह, त्याचं चिक्शुलुब विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसोबत दाखवलं की त्या काळातल्या गाळाच्या थरात इरिडियम नावाचं मूलद्रव्य अचानक वाढलंय, जे पृथ्वीच्या पृष्ठभागावर फार कमी आणि उल्कांमध्ये जास्त असतं. दुसरा आरोपी आपण ज्यावर उभे आहोत तो दख्खनचा लाव्हा, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू.

वकिलांचे दोन गट, पुरावे कार्डांवर. लाव्हाच्या वकिलाला एक जबरदस्त कार्ड द्या: कच्छमध्ये अंजारला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची टरफलं मिळाली आहेत, म्हणजे उद्रेक सुरू झाल्यावरही ते जगत होते, अंडी घालत होते. समोरचा म्हणेल, जगत होते पण तब्येत बिघडलेली असेल. होऊ द्या. न्यायाधीश शक्यतो वर्गातला गप्प मुलगा किंवा मुलगी. निकालानंतर तुम्ही सांगा की आज बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष लघुग्रहाला देतात आणि लाव्हाचा वाटा किती यावर अजून वाद आहे. आणि एक डायनासोरची शाखा वाचली, ती सकाळी खिडकीत दाणे खायला येते.

घरून काही प्रश्न येतात त्याची तयारी ठेवा. दशावतारात मत्स्य, कूर्म असाच क्रम आहे ना, हे कुणीतरी म्हणणारच. मी वाद घालत नाही, म्हणते ती गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे, पण इथे आपण फक्त दगडात जे दिसतं त्यावर बोलायचं. माणूस माकडापासून झाला का, तर आजच्या माकडापासून नाही, दोघांचे पूर्वज खूप मागे एक होते. दहावीच्या आपल्या बोर्डाच्या विज्ञानात उत्क्रांती आहेच, त्यामुळे पालकांना पण सांगता येतं की हे पुढे परीक्षेला आहे, आणि पुण्यात एवढं कारण पुरतं.

कुठे न्यायचं

अर्ध्या दिवसात पाताळेश्वर, जंगली महाराज रस्त्यावर, अख्खं लेणं एका बसाल्टमध्ये कोरलेलं आहे, तिथे काहीही खरवडायचं नाही, संरक्षित स्मारक आहे. एका दिवसात निघोज, कुकडी नदीने कातळात कोरलेले रांजणखळगे, पाणी आणि गोटे दगडाचं काय करतात ते दिसतं, पण कडेला घसरडं असतं, पावसाळ्यात नकोच. सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. मोठ्या सुट्टीत गडचिरोलीत सिरोंचाजवळचं वडधमचं जीवाश्म उद्यान, नाहीतर गुजरातमधलं बालासिनोर, जिथल्या रहियोलीतून राजासॉरस हा डायनासोर मिळाला, त्याला नाव २००३ मध्ये दिलं.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे किडा अडकलेले अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा जीवाश्म, घेऊ नका, बहुतेक प्लास्टिक असतं. घेतलंच असेल तर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घालून त्यात टाका, खरं अंबर तरंगतं, बरीचशी प्लास्टिकं बुडतात.

आणि पुण्यातच राहायचं असेल तर फर्ग्युसनला आणि विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहेत, आघारकर संशोधन संस्थेत पुराजीवशास्त्रावर काम चालतं. शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या, उगाच पन्नास पोरं घेऊन दारात उभं राहू नका. पत्रात इयत्ता, मुलांची संख्या आणि दोन सोयीच्या तारखा लिहा, आणि मुलांनीच काढलेले पाचसहा प्रश्न जोडा, म्हणजे समोरच्याला कुठली कपाटं उघडायची ते कळतं.